क्रूझवर रोख आणि कार्ड: पैशांची वाट एकच ठेवू नये

क्रूझला निघालेली माणसे मला बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो सोबत रोख रक्कम किती न्यावी हा. माझ्या मते त्याआधी स्वतःला विचारण्याचा प्रश्न वेगळा आहे. फोन हरवला, कार्ड बंद पडले किंवा पाकीट चोरीला गेले, तर त्या क्षणी पैशांपर्यंत पोहोचण्याची दुसरी कोणती वाट आपल्यापाशी उरते? शहरातल्या मुक्कामात असे काही घडले तर बँकेची शाखा किंवा दुसरे एटीएम शोधता येते आणि एखादा दिवस थांबून मार्ग काढता येतो. जहाज मात्र ठरलेल्या वेळी सुटते, पुढचे बंदर बहुतेकदा वेगळ्या देशात असते आणि मधला दिवस समुद्रात जातो. म्हणून क्रूझवर चोरीपेक्षाही जास्त काळजी करावी ती सगळे पैसे एकाच वाटेवर अवलंबून राहण्याची.

जहाजावरील व्यवहारांची पद्धत आधी समजून घेतली पाहिजे. जवळजवळ सर्व मोठ्या क्रूझ जहाजांवर रोखीने खरेदी होत नाही. प्रवाशाच्या नावाने एक खाते उघडले जाते आणि पेय, स्पा, दुकान, किनाऱ्यावरील सहल, इंटरनेट असा सगळा खर्च त्या खात्यावर चढतो. खर्च नोंदवण्यासाठी जे कार्ड दाखवायचे तेच केबिनची किल्ली असते आणि जहाजातून उतरताना व चढतानाचे ओळखपत्रही तेच असते. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर त्याला सीपास म्हणतात, कार्निव्हल कंपनीच्या जहाजांवर सेल अँड साइन म्हणतात आणि प्रिन्सेसच्या जहाजांवर २०१७ पासून गळ्यात किंवा मनगटावर घालायचे मेडॅलियन आले आहे. रूप कोणतेही असो, ती वस्तू तुमच्या खात्याची गुरुकिल्ली आहे. सुरक्षा तपासणीच्या वेळी काढलेला तुमचा फोटो ते स्कॅन होताच कर्मचाऱ्याच्या पडद्यावर दिसतो, त्यामुळे जहाजात चढताना दुसऱ्या कोणाला ते वापरणे अवघड असते. गर्दीच्या बारमध्ये मात्र प्रत्येक वेळी चेहरा नीट पडताळला जाईलच, असे गृहीत धरू नये. ते हरवल्याचे लक्षात येताच गेस्ट सर्व्हिसेसच्या, म्हणजे जहाजावरील प्रवासी मदतकक्षाच्या, काउंटरवर जाऊन जुने कार्ड रद्द करून घ्यावे. नवीन कार्ड काही मिनिटांत मिळते. ‘केबिनमध्ये असेल कुठेतरी, सकाळी शोधू’ असे म्हणून हे काम रात्रीपुरतेही पुढे ढकलू नये.

मुले सोबत असतील तर पहिल्याच दिवशी आणखी एक गोष्ट करावी. मुलांच्या कार्डावरून खर्च होऊ द्यायचा की नाही आणि झाल्यास कुठल्या मर्यादेपर्यंत, हे बहुतेक कंपन्यांच्या जहाजांवर पालकांना ठरवता येते. व्हिडिओ गेमच्या दालनात खर्च केवढ्या वेगाने वाढतो, हे तिथे मूल घेऊन गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता जहाजावरील या खात्याला बँकेचे कोणते कार्ड जोडायचे ते पाहू. या एका निर्णयावर सहलीचा बराचसा निवांतपणा अवलंबून असतो, म्हणून इथे जरा थांबतो. जहाज कंपनी प्रवासाच्या शेवटी एकदाच पैसे घेते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात सुरुवातीलाच, आणि पुढे खर्च वाढेल तसतसे अधूनमधून, कार्डावर ठरावीक रकमेचा होल्ड ठेवला जातो, म्हणजे ती रक्कम तात्पुरती राखून ठेवली जाते. क्रेडिट कार्ड असेल तर तेवढी उधारीची मर्यादा काही दिवस अडकते आणि बहुतेकांना ते जाणवतही नाही. डेबिट कार्ड असेल तर खात्यातील प्रत्यक्ष पैसे अडकतात, आणि अंतिम बिल वळते झाल्यानंतरही जुने होल्ड सुटायला बँकेनुसार अनेक दिवस लागू शकतात. त्याच खात्यावर पुढच्या बंदरातील एटीएम, परतीचा प्रवास किंवा घराचा एखादा हप्ता अवलंबून असेल, तर शिल्लक दिसत असूनही पैसे काढता येत नाहीत. म्हणून जहाजाच्या खात्याला क्रेडिट कार्डच जोडावे आणि ते बंदरात खरेदीसाठी नेण्याच्या कार्डापेक्षा वेगळे असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एक कार्ड बंदरात चोरीला गेले व बँकेने ते गोठवले, तरी जहाजावरचा हिशेब त्यामुळे विस्कळीत होत नाही.

क्रेडिट कार्ड नसेल किंवा वापरायचे नसेल, तर अनेक जहाजांवर गेस्ट सर्व्हिसेसकडे रोख अनामत भरून खाते चालू करता येते. उरलेली रक्कम शेवटी परत मिळते. या मार्गाने खर्चाला आपोआप लगाम बसतो, पण अनामत संपली की खाते थांबते आणि पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. रोख भरताना पावती घ्यावी आणि ती प्रवास संपेपर्यंत जपून ठेवावी.

कार्डांबद्दल बोलताना फोनचा विषय टाळता येत नाही, कारण कार्डाइतकाच आता ओटीपी महत्त्वाचा झाला आहे. किनारा मागे पडला की जमिनीवरचे मोबाइल नेटवर्क संपते आणि फोन जहाजाच्या उपग्रहावर आधारित नेटवर्कला जोडला जाऊ शकतो. त्याचे दर साध्या रोमिंगपेक्षा कितीतरी जास्त असतात व अनेक रोमिंग पॅकमध्ये ते धरलेलेच नसतात. हा खर्च टाळण्यासाठी फोन एअरप्लेन मोडवर ठेवावा हा सल्ला योग्यच आहे. मात्र त्या स्थितीत एसएमएसने येणारा ओटीपी सहसा पोहोचत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. जहाजाचे वायफाय विकत घेतले तरी एसएमएस त्यावरून येईलच असे नाही. पुढच्या बंदरातील सहलीचे पैसे ऐन समुद्रात ऑनलाइन भरायला जावे आणि ओटीपीवाचून व्यवहार अडून राहावा, असे बरेचदा घडते. म्हणून ऑनलाइन भरायचे पैसे शक्यतो निघण्यापूर्वीच भरावेत, बँकेच्या अॅपमधून इंटरनेटवर मंजुरी देता येते का ते घरीच तपासावे आणि तशी सोय असेल तर ती सुरू करून घ्यावी. त्याच वेळी कार्डावर परदेशातील वापर चालू आहे का, त्याची मर्यादा किती आहे आणि परदेशातून लावण्याचा बँकेचा क्रमांक कोणता, हेही पाहून घ्यावे. तो क्रमांक कागदावर लिहून केबिनमध्ये ठेवावा, कारण कार्ड आणि फोन एकत्र हरवले तर फोनमध्ये साठवलेला क्रमांक कामाला येणार नाही.

केबिनमधील तिजोरी चांगली सोय आहे, पण तिची मर्यादा ओळखून ती वापरावी. सांकेतिक क्रमांक विसरला तर अधिकृत कर्मचारी ती उघडून देतात, म्हणजेच ती उघडण्याचा दुसरा मार्ग जहाजाकडे असतो. तरीही टेबलाच्या खणापेक्षा किंवा बॅगेच्या कप्प्यापेक्षा तिजोरी निश्चितच सुरक्षित आहे. जन्मवर्ष किंवा केबिन क्रमांक यांवरून क्रमांक ठेवू नये. राखीव रोख, दुसरे कार्ड आणि बंदरात नेण्याची गरज नसेल त्या दिवशी पासपोर्ट तिथे ठेवावा. एखादा प्रवासी वेळेत परतला नाही, तर जहाज सुटण्यापूर्वी कर्मचारी अनेकदा त्याच्या केबिनमधील पासपोर्ट शोधून बंदरातील एजंटकडे सोपवतात. या शक्यतेमुळेही पासपोर्ट सहज सापडेल अशा ठिकाणी, म्हणजे तिजोरीत, असलेला बरा. मात्र काही देशांत किनाऱ्यावर उतरताना मूळ पासपोर्ट लागतो, तेव्हा त्या दिवसाची जहाजाची सूचना वाचूनच निर्णय घ्यावा.

आता रोख रकमेकडे वळतो. जहाजावर रोख फारशी लागत नाही. चढण्यापूर्वी सामान उचलणारे बंदरावरचे हमाल, वेगळी बक्षिसी द्यावीशी वाटेल असा एखादा कर्मचारी आणि हवा असल्यास कॅसिनो, एवढ्यापुरतीच तिची गरज पडते. दररोजची बक्षिसी बहुतेक कंपन्या खात्यावरच लावतात. जहाजावरील एटीएममध्ये शुल्क जास्त असते, त्यामुळे ते शेवटचा पर्याय म्हणूनच धरावे. कॅसिनोसाठी खात्यावरून रक्कम उचलली तर त्यावरही काही ठिकाणी वेगळे शुल्क लागते.

रोखीची खरी गरज बंदरात भासते, आणि तिथे मोठ्या नोटेपेक्षा सुट्या पैशांची किंमत अधिक. टॅक्सीवाल्याला किंवा हातगाडीवरच्या विक्रेत्याला मोठी नोट दिली की सुटे नाहीत हे उत्तर हमखास मिळते. भूमध्य समुद्रातील फेरीत बार्सिलोना, मार्सेय, नेपल्स या बंदरांत युरो चालतो. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशियातही युरो आहे, त्यामुळे दुब्रोवनिकसाठी वेगळे चलन घ्यावे लागत नाही. कोतोर ज्या मॉन्टेनेग्रोमध्ये आहे तो देश युरोपीय संघात नसूनही युरोच वापरतो. त्याच फेरीत तुर्कस्तानातील कुशादासी आले की चलन लिरा होते. प्रत्येक बंदरासाठी आगाऊ चलन जमवत बसण्यापेक्षा मार्गावर सर्वाधिक चालणारे एक चलन लहान नोटांत न्यावे आणि उरलेल्या ठिकाणी कार्ड वापरावे, हे मला अधिक सोयीचे वाटते.

कॅरिबियनमध्ये एका बाबतीत विशेष सावध राहावे लागते. तिथे अनेक चलनांसाठी डॉलरची तीच खूण लिहिली जाते. अँटिग्वा, सेंट लुशिया, ग्रेनाडा या बेटांवर पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो आणि १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला असे २.७० डॉलर हा त्याचा दर बांधलेला आहे. पाटीवर नुसती खूण आणि आकडा असेल तर तो कोणता डॉलर हे विचारल्याशिवाय टॅक्सीत बसू नये, कारण उत्तरानुसार भाडे जवळजवळ तिप्पट होऊ शकते. कोझुमेलमध्ये हीच खूण मेक्सिकन पेसोसाठीही वापरतात. बहामाचा डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबरीचा असल्याने नासाऊमध्ये दोन्ही चालतात, पण मोड बहामाच्या डॉलरमध्ये मिळाली तर ती तिथेच संपवावी, कारण पुढच्या बंदरात तिचा सहसा उपयोग होत नाही.

कार्डाने पैसे देतानाही हीच दक्षता हवी. यंत्र काही वेळा स्थानिक चलन किंवा तुमच्या देशाचे चलन असा पर्याय देते. आपल्या चलनातील आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यात रूपांतराचा दर दुकानदाराच्या बाजूने ठरतो आणि तो सहसा महाग पडतो. म्हणून नेहमी स्थानिक चलन निवडावे, आकडा व चलन दोन्ही वाचावे आणि मगच मंजुरी द्यावी. विक्रेता कार्ड घेऊन आत जाऊ लागला तर त्याला थांबवून यंत्र बाहेर आणायला सांगण्यात कसलाही संकोच बाळगू नये. एटीएम लागलेच तर बँकेच्या इमारतीतील, शाखा उघडी असताना वापरावे. कार्ड यंत्रात अडकले तर निदान आत जाऊन कोणाशी बोलता येते. बंदराच्या फाटकाबाहेर किंवा दारूच्या दुकानात उभ्या केलेल्या सुट्या यंत्रांपासून मी दूर राहतो.

बार्सिलोनाच्या ला राम्ब्लासारख्या गर्दीच्या रस्त्यांवर खिसेकापूंचा उपद्रव जुना आहे आणि जहाजातून उतरलेला प्रवासी त्यांना दुरून ओळखता येतो. जहाजाचे कार्ड गळ्यात लटकवून हिंडणे म्हणजे ती ओळख स्वतःहून पटवून देणे. ते आतल्या खिशात ठेवावे. दिवसभराला पुरेल एवढी रोख आणि एक कार्ड पुढच्या खिशात ठेवावे, आणि त्याखेरीज टॅक्सीने धक्क्यावर परत येण्याइतके पैसे शरीराशी वेगळे बाळगावेत. जोडीने प्रवास करणाऱ्यांनी एकाच खात्याची दोन कार्डे घेऊन निघू नये, कारण बँकेने खातेच गोठवले तर दोन्ही एकदम निकामी होतात. दोघांकडे वेगवेगळ्या बँकांची कार्डे असावीत. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे, कारण किनाऱ्यावरची वेळ कधी कधी वेगळी असते. जहाज चुकलेच, तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च बहुधा स्वतःलाच करावा लागतो आणि त्या वेळी हाताशी चालू कार्ड असणे अत्यावश्यक ठरते.

अंतिम बिल हा शेवटचा टप्पा आहे. ते शेवटच्या सकाळी पाहण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा गेस्ट सर्व्हिसेसपुढे लांबच लांब रांग असते आणि उतरण्याची घाई असते. अॅपवर किंवा केबिनमधील टीव्हीवर खाते रोज रात्री पाहावे. न घेतलेले पेय, दोनदा लागलेली सहल, परत केलेल्या वस्तूची रक्कम अशा नोंदी दुसऱ्याच दिवशी दाखवल्या तर त्या सहज दुरुस्त होतात, कारण पावती आणि संबंधित कर्मचारी दोन्ही तिथेच असतात. दुरुस्ती झाल्यावर तिची छापील प्रत मागून घ्यावी. शेवटच्या रात्रीनंतरही मिनीबार किंवा सकाळच्या पेयाचा खर्च चढू शकतो, म्हणून घरी पोहोचल्यावर अंतिम बिल कार्डाच्या हिशेबाशी ताडून पाहावे. होल्ड सुटले का ते एक-दोन आठवडे तपासत राहावे, आणि सगळे जुळल्यावर कार्डावरील परदेशी वापराची सोय पुन्हा बंद करून टाकावी.