पंखा सुसाट फिरला आणि सर्ज प्रोटेक्टर जळाला

मान्सूनपूर्व वादळ येऊन गेले की इंदूरमध्ये घरगुती वायरिंगचे काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचा फोन सकाळपासून वाजू लागतो आणि बहुतेकांचे सांगणे एकच असते, की वीज पडली आणि घरातले सगळे जळाले. लोकमान्यनगरातल्या शेजारशेजारच्या दोन घरांतूनही हेच कळले. पहिल्या घरातले काका फार अस्वस्थ होते, कारण त्यांच्या डीबीत, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या मुख्य पेटीत, सर्ज प्रोटेक्टर (तारांत क्षणभर उसळणारा जादा दाब अर्थिंगकडे वळवणारे उपकरण) आधीपासून बसवलेला होता. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. तिथल्या विद्युत संहितेने २०२० मध्ये घरांच्या मुख्य जोडणीवर हे उपकरण सक्तीचे केले, असे त्याने कळवल्यावर काकांनी ते मुद्दाम लावून घेतले होते. आता त्याची हिरवी खिडकी लाल झाली होती, कडेचे प्लास्टिक करपले होते आणि तरीही फ्रिज व दोन टीव्ही गेले होते.

"मग हे लावून उपयोग काय झाला?" त्यांनी विचारले.

उत्तर काकूंकडे होते. उपकरणे बंद पडण्याआधी काय दिसले, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, पुढच्या खोलीतला पंखा एकदम सुसाट फिरायला लागला आणि स्वयंपाकघरातला मात्र मंदावला. मी यांना हाक मारेपर्यंत टीव्हीतून जळका वास यायला लागला."

आकाशातल्या विजेमुळे तारांत उसळणारा दाब (व्होल्टेज) मायक्रोसेकंदांत येतो आणि ओसरतो. तेवढ्यात पंख्याचा वेग वाढणे शक्य नाही. एका खोलीत दाब चढतो आणि दुसरीत उतरतो, तेव्हा तीन फेजच्या घरात न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची परतीची सामाईक तार, सुटला आहे, असे समजावे. न्यूट्रल नसला की वेगवेगळ्या फेजवरची उपकरणे एकमेकांतून ४०० व्होल्टच्या दाबात अडकतात आणि ज्या फेजवर भार कमी, तिच्या वाट्याला २३० ऐवजी ३०० हून अधिक व्होल्ट येऊ शकतात. वीज कंपनीच्या लाइनमनने खांबावर चढून पाहिले, तेव्हा वाऱ्याने हललेल्या सर्व्हिस वायरचा न्यूट्रलचा जोड काळा पडून निसटलेला आढळला.

काकांचा प्रोटेक्टर सतत २७५ व्होल्टपर्यंतचा दाब सोसण्यासाठी बनवलेला होता. त्यातला व्हॅरिस्टर, म्हणजे जादा दाब वळवणारा भाग, क्षणभरासाठी हजारो अँपिअर वाहून नेतो, पण टिकून राहणाऱ्या जादा दाबाने तो तापत जातो आणि शेवटी जळतो. त्या रात्री तिथे जादा दाब ओळखून पुरवठा तोडणारा रिले हवा होता.

शेजारच्या घरातली गोष्ट निराळी निघाली. तिथे दिवे, पंखे, फ्रिज सगळे शाबूत होते. फक्त राउटर, सेट टॉप बॉक्स आणि टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट गेला होता. विजेची लाट गच्चीवरून ओढलेल्या केबलमधून शिरली असावी आणि त्या वाटेवर डीबीतले कोणतेही उपकरण येत नाही. म्हणून केबल घरात शिरते त्याच जागी तिचे बाहेरचे आवरण घराच्या अर्थिंगला जोडायला मी सांगितले.

मग घराला सर्ज प्रोटेक्टर हवा की नको? खांबावरून उघड्या तारेने वीज घेणाऱ्या घराला तो हवा, असे माझे ठाम मत आहे. साधी घरगुती उपकरणे सुमारे अडीच हजार व्होल्टचा क्षणिक धक्का सोसतील अशी बनवलेली असतात आणि जवळपास वीज कोसळली तर तारांतला दाब ती मर्यादा सहज ओलांडतो. जमिनीखालच्या केबलवर असलेल्या फ्लॅटला इतकी घाई नाही. मात्र छतावर सोलर पॅनेल असतील, तर त्याचा विचार आधी करावा.

तो कसा बसवला आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. काकांच्या डीबीमागे प्रोटेक्टरची अर्थिंगची हिरवी तार सुबक वेटोळे करून खोचलेली होती. लाट आली की अशा तारेच्या प्रत्येक मीटरवर सुमारे हजार व्होल्टचा जादा दाब उभा राहतो आणि तो प्रोटेक्टरच्या दाबात मिळून उपकरणांपर्यंत पोहोचतो. शिवाय अंगणातल्या अर्थिंगच्या पाइपवरचा क्लँप गंजून सैल झाला होता.

आधी न्यूट्रलचा जोड पक्का झाला, मग क्लँप बदलला, मग रिले बसला. नवा टाइप २ (डीबीत बसवायच्या प्रकारचा) प्रोटेक्टर त्यानंतरच लावला आणि अर्थच्या पट्टीजवळ सरकवून त्याच्या तारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवली.