मार्क ड्रेकफर्ड आणि वेल्सची तिजोरी
मार्क ड्रेकफर्ड म्हटलं की कोविडच्या काळातले वेल्सचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथले मुख्यमंत्री, आठवतात. नाहीतर २०२३ मध्ये वस्त्यांतल्या रस्त्यांवर आलेली ताशी २० मैलांची वेगमर्यादा. माझ्या मते त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम २०१६ ते २०१८ या काळात अर्थखात्यात झालं.

प्रोबेशन अधिकारी, मग सामाजिक धोरणाचे प्राध्यापक, २००० पासून तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर रॉड्री मॉर्गन यांचे सल्लागार, २०११ मध्ये मॉर्गन यांच्याच कार्डिफ वेस्टमधून आमदार, पुढे आरोग्यमंत्री. पडद्यामागे राहून सरकार कसं चालतं, हे मंत्री होण्याआधीच त्यांनी जवळून पाहिलं होतं.

वेल्सचा बहुतेक पैसा लंडनहून, ब्रिटन सरकारकडून, बार्नेट सूत्राने येतो. इंग्लंडमध्ये आरोग्य-शिक्षणावरचा खर्च वाढला की वेल्सला लोकसंख्येच्या प्रमाणात वाढ मिळते. खोट इथेच होती. वेल्समध्ये वृद्ध आणि आजारी माणसं जास्त, गरज जास्त. पण तिथली दरडोई रक्कम इंग्लंडपेक्षा जेवढी जास्त, ती आघाडी दर वाढीगणिक टक्केवारीत कमी होत इंग्लंडच्या पातळीकडे घसरत जात होती. डिसेंबर २०१६ च्या करारात ड्रेकफर्ड यांनी या घसरणीला तळ मिळवून दिला: प्रत्येक वाढीवर ५ टक्के जादा, आणि दरडोई निधी इंग्लंडच्या ११५ टक्क्यांवर आला की १५ टक्के जादा.

एप्रिल २०१८ पासून घरखरेदीवरचा कर वेल्सचा स्वतःचा झाला. आधी त्यांनी दीड लाख पौंडांपर्यंतची घरं करमुक्त ठेवायचं जाहीर केलं होतं. तेवढ्यात लंडनने पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना मोठी सवलत दिली, आणि त्यांनी मर्यादा १ लाख ८० हजारांवर नेली, आणि तीही फक्त पहिल्यांदा घर घेणाऱ्यांपुरती नाही. स्वतःचा कर हाती असला, तरी शेजारच्या अर्थसंकल्पाकडे डोळे लावून बसावं लागतं, ते असं.

एप्रिल २०१९ पासून प्राप्तिकराच्या प्रत्येक टप्प्याच्या दरातून लंडन आपले १० टक्के-अंक कमी करतं, आणि त्या जागी किती लावायचे ते वेल्स ठरवतं. पगारातून किती कर कापायचा हे टॅक्स कोडवरून ठरतं; वेल्सच्या करदात्याच्या कोडला ‘सी’ हे अक्षर लागतं. सुरुवातीला नोकरी देणाऱ्या काही मालकांनी तिथे चक्क स्कॉटलंडचं ‘एस’ लावलं. पत्ता वेल्सचा आणि कापणी स्कॉटलंडच्या दराने!

मार्च २०२४ मध्ये त्यांनी फर्स्ट मिनिस्टरपद सोडलं आणि त्याच सप्टेंबरात ते पुन्हा अर्थमंत्री झाले. सेनेध या वेल्सच्या विधिमंडळात तेव्हा ६० जागा होत्या, त्यांतल्या त्यांच्या लेबर पक्षाच्या ३०. सभापती प्लेड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाच्या, उपसभापती लेबरचे, आणि हे दोघे एरवी मत देत नसत. उरत होते २९ विरुद्ध २९. बरोबरी झाली की सभापतींचं निर्णायक मत प्रस्तावाच्या विरोधात पडतं, म्हणजे अर्थसंकल्प बुडाला. ड्रेकफर्ड यांना विरोधकांतलं एक मत फोडण्याचीही गरज नव्हती. एकाने तटस्थ राहणं पुरेसं होतं. विरोधी लिबरल डेमोक्रॅट्सच्या तेव्हाच्या एकमेव आमदार जेन डॉड्स यांच्याशी बोलणी झाली, तरुणांसाठी १ पौंडात बसप्रवासासारख्या मागण्या मान्य झाल्या, आणि मार्च २०२५ मध्ये अर्थसंकल्प २९ विरुद्ध २८ ने मंजूर झाला.