जुन्या फियाटचा विमा: योग्य आयडीव्ही लिहून घेताना आलेला अनुभव

‘सिस्टीम घेत नाही, मॅडम.’ विमा कंपनीच्या शाखेत हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की अजूनही आठवलं की डोकं तापतं. ज्यांच्याकडे मनापासून जपलेली, थोडीफार बदल केलेली जुनी गाडी आहे, त्यांची तरी एवढी दमछाक होऊ नये म्हणून लिहितेय.

माझी गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ची. घरात सगळे तिला फियाटच म्हणतात. गंजलेला पत्रा कापून नवीन टाकला, फ्लोअर बदलला, वायरिंग पूर्ण नवीन, पुढे डिस्क ब्रेक, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि गडद हिरवा रंग. इंजिन मूळचंच, १०८९ सीसी. रंग बदलल्याची नोंद आरटीओत करून आरसीवर आणली, ते काम सरळ झालं. सगळी बिलं साडेतीन लाखांच्या वर जातात. आणि शाखेतल्या स्क्रीनवर या गाडीची आयडीव्ही (इन्शुअर्ड डिक्लेअर्ड व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसीत धरली जाणारी गाडीची किंमत) आली ३५ हजार.

बरेच जण म्हणतात, ‘कमी आयडीव्ही म्हणजे कमी प्रीमियम, चांगलंच की.’ अजिबात चांगलं नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉसमध्ये धरतात, म्हणजे दुरुस्ती न करता ती पूर्ण गेली असं मानून आयडीव्हीच्या हिशेबाने पैसे देतात. ३५ हजारांचे ७५ टक्के म्हणजे २६,२५०. एक दरवाजा, एक फेंडर आणि रंगकाम, एवढ्यात हा आकडा ओलांडला जातो. म्हणजे चौकात कुणी बाजूने ठोकलं आणि गाडी सहज दुरुस्त होण्यासारखी असली, तरी कागदावर ती भंगार ठरणार. मला नुसत्या पैशांची नाही, गाडी हातातून जाण्याची भीती होती.

परदेशात हौशी लोकांच्या गाड्यांना अॅग्रीड व्हॅल्यू पॉलिसी मिळते. सुरुवातीलाच दोघांनी मिळून किंमत ठरवायची, आणि टोटल लॉस झाला तर घसारा न लावता तेवढीच रक्कम मिळते. आपल्याकडे २००२च्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे विमा कंपन्यांसाठीच्या दर आणि नियमांच्या पुस्तकात, ही सोय फक्त विंटेज गाड्यांना होती, आणि विंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४०च्या आधी बनलेली, व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली गाडी. केंद्र सरकारने २०२१मध्ये विंटेज नोंदणीचे वेगळे नियम आणले, ‘व्हीए’ अक्षरांची नंबर प्लेट वगैरे. पण तिथेही गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते आणि मूळ रूपात लागते. माझी फियाट या दोन्हींत बसत नाही.

शाखेतल्या अधिकाऱ्यांनी हेच सांगितलं आणि इथपर्यंत त्यांचं बरोबर होतं. ‘विंटेज नाही, मग अॅग्रीड व्हॅल्यू नाही.’ मान्य. पण पुढे ते म्हणाले, ‘म्हणून सिस्टीममध्ये येते तीच किंमत.’ हे मात्र चूक होतं, आणि इथेच सगळं अडकलं.

त्याच टॅरिफमधला आयडीव्हीच्या घसाऱ्याचा तक्ता सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला ५ टक्के इथे सुरू होतो आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के इथे संपतो. त्यापुढच्या गाड्या आणि उत्पादन बंद झालेली मॉडेलं यांची किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरवायची, असं तिथेच लिहिलेलं आहे. टॅरिफमधले दर केव्हाच गेले, पण पॉलिसीची ही शब्दरचना बऱ्याच ठिकाणी तशीच आहे. माझ्या जुन्या पॉलिसीतही होती. त्याच पानावर दुसरं महत्त्वाचं वाक्य आहे: टोटल लॉसच्या क्लेमसाठी आयडीव्ही हीच वर्षभर बाजारभाव म्हणून धरली जाईल, त्यावर आणखी घसारा नाही. ही दोन वाक्यं एकत्र वाचा. योग्य आयडीव्ही लिहून घेतली, तर टोटल लॉसच्या वेळी अॅग्रीड व्हॅल्यूसारखंच संरक्षण मिळतं, पॉलिसीला तसं नाव नसलं तरी.

मी ते पान छापून, दोन्ही ओळी अधोरेखित करून नेलं. अधिकाऱ्यांनी वाचलं, परत स्क्रीनकडे बघितलं, ‘ड्रॉपडाऊनमध्ये येत नाही’ म्हणाले. दुसऱ्या वेळी दुसरेच गृहस्थ होते, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. त्यांचा पहिला प्रश्न, ‘गाडी साहेबांच्या नावावर आहे का?’ नाही. गाडी माझी, आरसी माझी, बिलं माझ्या नावची. मग सल्ला मिळाला की नुसती थर्ड पार्टी काढून टाका, एवढ्या जुन्या गाडीला लोक तेच करतात. एजंटकडूनही तेच. इकडे चालू पॉलिसी संपायची तारीख जवळ येत होती, आणि मध्ये खंड पडला की पुन्हा तपासणी आली. ९० दिवसांच्या पुढे गेलं तर नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जातो. त्यामुळे तुम्ही रिन्यूअलच्या किमान महिनाभर आधी सुरुवात करा. हे मी सगळ्यात आधी सांगायला हवं.

काम पुढे सरकलं ते एका साध्या वाक्याने: ‘मग नकार लेखी द्या.’ नकार कुणी लेखी देईना. तेव्हा मी शाखेचा नाद सोडून विभागीय कार्यालयातल्या अंडररायटिंग विभागाला, म्हणजे विमा कोणत्या अटींवर द्यायचा हे ठरवणाऱ्यांना, ईमेल केला. पॉलिसीतली ती दोन वाक्यं जशीच्या तशी, आरसी, बिलं आणि चारही बाजूंचे फोटो जोडले. बदलांची यादी मीच दिली, डिस्क ब्रेकसकट. प्रपोजल फॉर्ममध्ये गाडीत बदल केलेत का हा प्रश्न असतो, आणि तिथे लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी तुमच्याच गळ्याशी येते. उत्तर आलं की परवानाधारक सर्व्हेअरचा मूल्यांकन अहवाल द्या. दारं बंदच आहेत असं वाटत असताना कुणीतरी पहिल्यांदा कामाचं बोललं होतं.

सर्व्हेअर आले ते जाणकार निघाले. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक त्यांनी दरवाजांच्या खालच्या कडेवरून हळूहळू फिरवलं. कुठे पुट्टी भरली असेल तर तिथे चुंबक धरत नाही. ते सगळीकडे धरलं. मग चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, आणि एकेक आकडा कागदावर उमटत गेला. माझ्या डेंटरने महिनोन्‌महिने केलेल्या कामाची कुणीतरी नीट दखल घेतली याचा मला फार आनंद झाला. अहवालात किंमत साडेतीन लाख आली. अंडररायटरने ती मान्य केली, आणि जी सिस्टीम घेत नव्हती तिने वरून मंजुरी येताच मुकाट्याने घेतली.

प्रीमियम वाढला, पण फक्त ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा. थर्ड पार्टीचा आयडीव्हीशी संबंध नाही. १००० ते १५०० सीसीच्या खाजगी गाडीला २०२२ पासून ३४१६ रुपये, वर जीएसटी.

एक गैरसमज ठेवू नका. छोट्या क्लेममध्ये सुट्या भागांवर घसारा लागतोच: दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के, रबर-प्लास्टिकवरही ५०, काचेवर शून्य. हा घसारा माफ करणारं झीरो डेप कव्हर इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. म्युझिक सिस्टीमसारखं, गाडीच्या कंपनीने न बसवलेलं इलेक्ट्रिकल सामान वेगळं लिहून घ्या, जुन्या टॅरिफप्रमाणे त्याचा प्रीमियम किमतीच्या ४ टक्के होता. पुढे बुलबार (बंपरपुढचा लोखंडी दांडा) लावायचा विचार असेल तर सोडून द्या, त्यावर २०१७च्या शेवटापासून बंदी आहे. इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी आधी घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल, दोन्ही यात कडक आहेत. आणि बिलं पक्की, जीएसटीची घ्या. कच्च्या चिठ्ठ्या सर्व्हेअरने बाजूला ठेवल्या.

पॉलिसी हातात आली की आयडीव्हीचा रकाना तिथेच उभं राहून वाचा. पुढच्या वर्षी ऑनलाइन रिन्यूअलची लिंक येईल, तिच्यात किंमत परत खाली आलेली असेल. माझ्याकडे तसंच झालं. मी लिंकवरून पैसे भरले नाहीत. आधीची मंजुरी आणि ताजे फोटो जोडून त्याच अंडररायटिंग विभागाला ईमेल केला, आणि या वेळी शाखेत जावंच लागलं नाही.