क्लचशेजारचं बोंड

ताम्हिणी घाट, जुलैतला पाऊस, लेकीची नवी गाडी आणि बोटांना नुकत्याच खाल्लेल्या कणसाचं मीठ-लिंबू. समोरची काच आतून धुरकटायला लागली. काचेवर वारा सोडायचा, एवढंच काम. पण त्याचं बटण कुठे दिसेना. ते स्क्रीनमध्ये कुठल्याशा पानावर राहायला गेलेलं. ओल्या बोटाला स्क्रीन दाद देईना. पुन्हा दाबलं तर सीटमधून पाठीला गार वारा लागला! ताशी चाळीसनं गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, आणि मी तीनेक सेकंद तरी खाली बघत होतो. शेवटी बायकोनं ओढणीनं काच पुसली. बोलली काही नाही.

काकांची ॲम्बेसेडर आठवली. तिचा डिपर पायाशी, क्लचच्या डावीकडे, लोखंडी बोंडासारखा. रात्री समोरून ट्रक आला की काकांचा पाय आपसूक सरकायचा. टक्. दिवे खाली. ट्रक गेला की पुन्हा टक्. त्या दुसऱ्या 'टक्'साठी मी मागच्या सीटवर डोळे ताणून जागा राहायचो. काकांची नजर रस्त्यावरून हलायची नाही.

आईच्या मिसळणाच्या डब्याचं तेच. तेल तापलं की बघायचंच नाही, मोहरी कुठे, हळद कुठे हे बोटांना पाठ. एकदा वहिनीनं वाट्या घासून मनाला येतील तशा लावल्या, तर त्या दिवशी वरणाला जिऱ्याऐवजी मेथ्यांची फोडणी. लेकीची गाडी रात्रीतून 'अपडेट' होते तेव्हा मला हीच भीती वाटते.

स्वीडनमधल्या एका मोटार-मासिकानं २०२२ साली ताशी ११० च्या वेगात हीच गंमत मोजली होती. रेडिओ लावा, काचेवरचा वारा सोडा, असली चार किरकोळ कामं. २००५ सालच्या बटणवाल्या व्होल्वोत ती दहा सेकंदांत उरकली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात ढ निघालेल्या नव्या गाडीला जवळजवळ ४५ सेकंद लागले. म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त! युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी युरो एनकॅप २०२६ पासून हॉर्न, वायपर, इंडिकेटरला खरीखुरी बटणं-दांडे आहेत का, हेही बघते. काकांना हे सांगायला हवं होतं.

घाटातलं लेकीला काहीच सांगितलं नाही. घरी आल्यावर तिनं स्क्रीनकडे बघून एवढंच विचारलं, "बाबा, हे मीठ कसलं?"