पर्यायी विमानतळ केव्हा लागतो?

खिडकीतून लख्ख ऊन दिसत असताना विमानात जादा इंधन कशाला भरतात, असा प्रश्न मला नेहमी पडे; पण नियमाला निघण्याच्या वेळच्या नव्हे, तर पोहोचण्याच्या वेळच्या हवामानाशी कर्तव्य असते. अमेरिकेतील देशांतर्गत विमानसेवांच्या नियमानुसार, अपेक्षित आगमनाच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत गंतव्यस्थानी ढगांचा तळ किमान २,००० फूट उंच आणि दृश्यमानता किमान ३ मैल राहील असा अंदाज नसेल, तर पर्यायी विमानतळ, म्हणजे गंतव्यस्थानी उतरता न आल्यास जिथे वळायचे तो विमानतळ, नेमावाच लागतो. मग गंतव्यापर्यंतचे, तेथून पर्यायापर्यंतचे आणि त्यावर ४५ मिनिटांचे, एवढे इंधन सोबत हवे. गंतव्य आणि पहिला पर्याय दोन्हींकडील हवामान काठावरचे असेल, तर दुसरा पर्यायही नेमावा लागतो.

खरी कसोटी निवडीत आहे. सॅन फ्रान्सिस्कोसाठी खाडीपलीकडचे ओकलंड इंधनाच्या दृष्टीने स्वस्त खरे, परंतु समुद्रावरून आत सरकणारे उन्हाळी सकाळचे ढग दोघांनाही एकदमच झाकू शकतात. म्हणून अशा दिवशी आतल्या बाजूचे सॅक्रामेंटो मला अधिक शहाणपणाचे वाटते, मग इंधनाचे वजन थोडे वाढले तरी चालेल.