मीटिंगचा पत्ता मिळाल्यानंतरचं काम

ठाण्यात दारू सोडण्यासाठी मीटिंग शोधायला लागलो तेव्हा वाटलं होतं, पत्ता मिळाला की काम झालं. पत्ता वीस मिनिटांत मिळाला. खोली सापडायला तीन संध्याकाळी गेल्या. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संगत. तिच्या, म्हणजे सगळे म्हणतात त्या ‘एए’च्या मीटिंगला रस्त्यावरून दिसेल अशी पाटी सहसा नसते. येणाऱ्याची ओळख झाकलेली राहावी हा तिचा पाया आहे, आणि जागाही बहुधा उसनी असते. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, समाजमंदिर, जिथे संध्याकाळी एक-दीड तास मिळेल तिथे.

शोधाशोध करण्याआधी एक गोष्ट नीट वाचा. जो रोज आणि भरपूर पितो, त्याने मीटिंग ठरली म्हणून डॉक्टरांना न विचारता एका दिवसात दारू तोडू नये. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत हात कापणं, घाम, उलटी, झोप उडणं सुरू होतं. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत मोठा असतो. भास होणं, दिवस-रात्र न कळणं, ताप हे सहसा दोन ते चार दिवसांच्या दरम्यान दिसतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. अशा वेळी आधी दवाखाना, मग मीटिंग. किती पितो ते डॉक्टरांना खरं सांगा. क्वार्टर सांगून खंबा लपवला तर औषधाचा डोस चुकतो.

आता शोध. एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर मीटिंगची माहिती मिळते. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ मोफत आहे. उपचार केंद्रांसाठी तिचा उपयोग होतो. मनाची घालमेल फार असेल तर टेलिमानस ही सरकारचीच मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रात कुणी राहून आला असेल तर तिथल्या समुपदेशकालाच विचारावं, ठाण्याच्या बाजूला पाठपुराव्याचा गट कुठे भरतो ते.

यादी हातात आली की आपल्याकडच्या पत्त्यांचा घोळ सुरू होतो. ‘ठाणे’ लिहिलेलं असतं, ते जिल्हा म्हणून. त्यात कल्याण येतं, डोंबिवली येते, मीरा-भाईंदर येतं, वाशी-नेरूळसुद्धा येतं. उलट खारघर आणि पनवेल नवी मुंबईत शोधाल तर यादीत ते रायगडाखाली असू शकतं. नवी मुंबईत सर्वांत मोठी चूक सेक्टरची. सेक्टर १० वाशीतही आहे, नेरूळलाही आणि कोपरखैरण्यालाही. नोडचं, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या भागाचं, नाव नसलेला पत्ता घेऊन रिक्षात बसू नका. ठाण्यात पूर्व की पश्चिम ते विचारा. कोपरीची मीटिंग असेल आणि तुम्ही नौपाड्यात उतरलात तर स्टेशन ओलांडण्यातच पंधरा मिनिटं जातात, आणि तेवढ्यात परत फिरायचं निमित्त मिळतं.

म्हणून निघण्याआधी फोन कराच, त्याच दिवशी दुपारी. यादी जुनी असते, आणि मे महिन्याच्या सुट्टीत, परीक्षेत किंवा शाळेत मतदान केंद्र असलं की वर्ग मिळत नाही, मग मीटिंग तात्पुरती दुसरीकडे भरते. फोनवर पाच गोष्टी विचारायच्या: आज नक्की आहे का, कुठल्या गेटने आत यायचं आणि कितवा मजला, मराठी चालते की हिंदी किंवा इंग्रजी, मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड, आणि दाराशी कुणी भेटेल का. शेवटचा प्रश्न लाजून गाळू नका. एवढं म्हटलं की पुरतं: ‘मी पहिल्यांदाच येतोय.’ वॉचमनला मात्र काही सांगायची गरज नाही, ‘मीटिंगला आलोय’ म्हणा, तो हात दाखवतो.

क्लोज्ड मीटिंग फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांसाठी. बायको, आई, भाऊ सोबत येणार असतील तर ओपनच निवडा, नाहीतर त्यांना बाहेर पायरीवर बसावं लागतं. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संगत आहे, १९५१पासून. पिणारा यायला तयार नसला तरी त्यांनी जावं. त्याची वाट बघत बसू नये.

आत गेल्यावर फी नाही, फॉर्म नाही. सदस्यत्वाची अट एकच, दारू सोडायची इच्छा. मध्ये पिशवी फिरते, हॉलचं भाडं आणि चहा त्यातून भागतो. नवख्याने काही टाकलं नाही तरी चालतं. हॉल चर्चचा असला म्हणून मीटिंग चर्चची होत नाही. एकेक जण आपलं सांगतो, मध्ये कुणी सल्ला देत नाही. तुमची पाळी आली आणि बोलवत नसेल तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा. आडनाव सांगायची गरज नाही.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. प्रत्येक ग्रुपचा सूर निराळा असतो. कुठे बरेच वयस्कर, कुठे पंचविशीतली मुलं. निदान तीन वेगवेगळ्या ग्रुपमध्ये बसून बघा. घराजवळ ओळखीचं कुणी भेटेल ही भीती असेल तर ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याहून वाशीकडे जा, साधारण अर्ध्या तासाचा प्रवास आहे. फक्त शेवटची परतीची गाडी आधी बघून ठेवा.

आणि निघताना दोन-तीन जणांचे नंबर घ्या. ते स्वतःहून देतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वाइन शॉपकडे पाय वळायच्या वेळी, त्यातला एक लावायचा. प्यायच्या आधी.