मोटर नुसती गुरगुरते

रविवार

मामाचं भोसरीचं वर्कशॉप बंद झालं तेव्हा तो म्हणाला होता, "तुला काय हवं ते ने." मी पिलर ड्रिल आणलं, म्हणजे खांबावर बसवलेलं भोक पाडायचं मशीन. बिडाचं धूड, टेबलावर चुकून पडलेल्या भोकांची नक्षी, चार पायऱ्यांची पुली. दोन वर्षं ते गॅलरीत ताडपत्रीखाली होतं आणि त्यावर कपडे वाळत होते. आज मुहूर्त लागला.

स्विच दिला. मोटर नुसती गुरगुरली, हलली नाही. लगेच बंद केली. अशी गुरगुरत ठेवली तर वाइंडिंग जळतं. बेल्ट काढून पुलीला हाताने गिरकी देत पुन्हा स्विच दिला, तर पळाली. उलटी गिरकी दिली तर उलटी पळाली. सिंगल फेज मोटरचा स्वभावच तो, धक्का द्याल तिकडे जाते. म्हणजे मोटर फिरती ठेवणारं रनिंगचं वाइंडिंग शाबूत, सुरुवातीचा धक्का देणारी स्टार्टिंगची बाजू मेलेली.

नेमप्लेटवर रंगाचे तीन थर होते. खरवडल्यावर अर्धा एचपी आणि 1425 आरपीएम एवढंच दिसलं. कंपनीचं नाव गेलं ते गेलंच.

सोमवार

स्टार्टिंगच्या वाइंडिंगला जोडलेला कपॅसिटर गेला असणार, दुसरं काय! ऑफिसमधून येताना पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळून नवा आणला, बसवला. गुरगुर तीच.

मंगळवार

मोटर उघडली. आधी दोन्ही झाकणांवर आणि बॉडीवर डॉट पंचने खुणा केल्या, नाहीतर बसवताना झाकण कुठल्या बाजूने होतं यावर रात्र जाते. आत वाइंडिंग तपकिरी पण काळं नाही, जळका वास नाही. सिरीज लॅम्प, म्हणजे तपासणीसाठी वाटेत जोडलेला बल्ब, लावून बॉडीला शॉर्ट नाही ना ते पाहिलं. (त्या लॅम्पसाठी पिवळा बल्ब शोधण्यात जास्त वेळ गेला. सगळं घर एलईडी झालंय.)

खरा रोग सेंट्रिफ्युगल स्विचचा. मोटर पाऊण वेगाला, म्हणजे अकराशेच्या आसपास पोचली की त्याची वजनं बाहेर फेकली जातात आणि पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकलेले धातूचे संपर्क, उघडून स्टार्टिंग वाइंडिंग सुटतं. माझ्या स्विचची फायबरची प्लेट मधोमध तडकलेली, एक पॉइंट जळून उडालेला. पॉलिश पेपर मारायला पॉइंट तरी हवा ना.

बुधवार

अर्धी रजा टाकून जुन्या बाजारात. रविवारी आणि बुधवारी भरतो तो. तासभर फिरल्यावर घरघंटीची एक मोटर दिसली, वाइंडिंग पार कोळसा. विक्रेता तांब्याच्या हिशेबाने किंमत सांगत होता आणि मला तांबं नको होतं. "नुसता स्विच? त्याचं काय करणार साहेब?" शेवटी तांबं त्याच्याकडे, रोटर आणि स्विच माझ्याकडे, साडेतीनशेला. त्याला वाटलं मी फसलो, मला वाटलं तो.

तिथे कपॅसिटर आणि बेरिंगचा ढीगही होता. त्याला हात लावला नाही. भंगारातून लोखंड, पितळ, पुली, झाकण काहीही घ्यावं. कपॅसिटर आणि बेरिंग नाही. त्यांचं उरलेलं आयुष्य वरून दिसत नाही. बेरिंगं नवी घेतली, 6203. या नंबरची गंमत अशी की 04 पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की भोकाचं माप मिळतं, 6204 म्हणजे 20 मिलिमीटर. 6203 ला मात्र हा पाढा लागू नाही, ते 17 चं. पहिल्यांदा मी 15 समजून बसलो होतो.

शुक्रवार

घरघंटीच्या स्विचचं भोक माझ्या शाफ्टपेक्षा दोन मिलिमीटर मोठं. म्हणजे मधली फट भरायला एक मिलिमीटर जाडीचा पितळी बुश, नळीसारखी कडी. लेथवाल्याने तुकडा हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं, "एवढंसंच?" आणि मग स्विचपेक्षा जास्त पैसे घेतले. काम मात्र असं की बुश अंगठ्याच्या दाबाने सरकत गेला आणि पुन्हा हलला नाही.

रविवार

सकाळी जोडणी. दोन पिनांचा प्लग काढून तीन पिनांचा लावला, बिडाच्या बॉडीला अर्थिंग दिलं. मामा इतकी वर्षं विनाअर्थिंग काम करत होता हे त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "झटके बसायचे की अधूनमधून."

स्विच दिला, मोटर सुटली, पण सेंट्रिफ्युगल स्विच सुटल्याचा "टक" आला नाही. पॉइंट उघडलेच नाहीत. स्टार्टिंगचा कपॅसिटर काही सेकंदांपुरता असतो, चालू राहिला तर फुगून फुटतो. झटकन बंद. फिरणारा भाग आणि पॉइंटची प्लेट यांच्यातलं अंतर चुकलं होतं. जुन्या स्विचच्या तडकलेल्या फायबरमधूनच दोन वॉशर कापले. एकाने जमलं नाही, दोघांनी जमलं.

गुरगुर, वेग, टक. बंद केल्यावर वेग उतरत गेला आणि पुन्हा टक. मी आठ-दहा वेळा उगाच चालू-बंद केली, तेव्हा आतून विचारणा झाली की भोक पाडणार आहेस की नुसता आवाज ऐकणार आहेस.

संध्याकाळी गल्लीतल्या वाइंडिंगवाल्या काकांकडे जुना कपॅसिटर नेला. त्यांनी मीटर लावला. ठणठणीत होता.